त्रेपन्न आणि पस्तीस: तिसरीच्या वर्गातील संख्यालेखनाच्या नोंदी

मुंबईच्या पूर्व उपनगरातील महापालिकेच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी तिसरीला शिकवते. ऐकलेल्या दोन अंकी संख्या लिहिताना मुले कोठे आणि का चुकतात हे समजून घेण्यासाठी जून ते डिसेंबर २०२४ या काळात माझ्याच वर्गात केलेल्या कृती संशोधनाच्या, म्हणजे शिक्षकाने स्वतःच्या वर्गातली अडचण शोधून तिच्यावर उपाय करून पाहण्याच्या, या नोंदी आहेत. हेच काम हाती घेणाऱ्या शिक्षकांचे माझ्याइतके दिवस वाया जाऊ नयेत, म्हणून झालेल्या चुका गाळलेल्या नाहीत. मुलांची नावे दिलेली नाहीत आणि हजेरी क्रमांकही बदलले आहेत.

२४ जून, सोमवार

पटावर ३२ मुले, हजर २६. दोन अंकी वीस संख्यांचे श्रुतलेखन घेतले. १४ मुलांच्या निम्म्याहून अधिक संख्या चुकल्या. मी नेहमीप्रमाणे बरोबर-चूक अशा खुणा केल्या, गुण मांडले आणि वह्या परत दिल्या. संध्याकाळी घरी विश्लेषणाला बसले तेव्हा लक्षात आले की, माझ्या हातात केवळ गुण आहेत. 'त्रेपन्न' चुकले म्हणजे मुलाने नेमके काय लिहिले, हे कोठेच टिपलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी वह्या मागवल्या, तर बहुतेकांनी चुकलेली संख्या खोडून तेथे बरोबर संख्या लिहिली होती, कारण तशीच शिस्त मी त्यांना लावली आहे. ही चाचणी पूर्णपणे वाया गेली.

२ जुलै, मंगळवार

कृती संशोधनाचा आराखडा मुख्याध्यापिकांकडे दिला. समस्येचे संभाव्य कारण म्हणून मी असे लिहिले की, ३२ पैकी १९ मुलांच्या घरी हिंदी किंवा अन्य भाषा बोलली जाते, त्यामुळे मराठी संख्यानामे त्यांच्या कानावरून जात नाहीत. उपाय म्हणून रोज दहा मिनिटे सामूहिक संख्यावाचन ठरवले. हे कारण कोणत्याही पुराव्याशिवाय लिहिले होते. शिक्षक-खोलीत आम्ही सगळ्याच ते नेहमी बोलत असतो, म्हणून ते खरे वाटत होते.

१० जुलै, बुधवार

परवा पहाटेपर्यंतच्या सहा तासांत मुंबईत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि शाळा बंद राहिल्या. आज वर्गात जेमतेम ११ मुले होती. नवीन पाठ घेण्यात अर्थ नव्हता, म्हणून मुलांच्या शेजारी बाकावर बसून एकेकाला संख्या सांगत राहिले. या संशोधनातला सर्वांत उपयोगी तास हाच ठरला, आणि तो मी ठरवून घेतलेला नव्हता.

क्रमांक १४ या मुलीला मी 'त्रेपन्न' सांगितले. तिने पेन्सिल चौकटीच्या वहीवर टेकवली, पण पहिल्या चौकटीत काहीच लिहिले नाही. एक चौकट मोकळी सोडून ती पुढच्या चौकटीत गेली, तेथे ३ लिहिला, मग मागे येऊन मोकळ्या चौकटीत ५ लिहिला. वहीत ५३ असे अगदी बरोबर दिसत होते. असे का लिहिलेस, म्हणून विचारले तेव्हा ती म्हणाली, "बाई, तीन आधी ऐकू येतो, पण तो मागे बसतो. म्हणून पन्नासची जागा धरून ठेवते."

तिच्या शेजारच्या क्रमांक ९ या मुलाने आधी ३, मग ५ लिहिला आणि त्याच्या वहीत ३५ झाले. मी त्याला तीच संख्या वाचायला सांगितली, तर त्याने न अडखळता 'त्रेपन्न' वाचले. मग मी कागदावर ५३ लिहून दाखवले, तर त्याने 'पस्तीस' म्हटले. म्हणजे हा मुलगा गोंधळलेला नव्हता. ऐकलेल्या क्रमाने लिहायचे आणि लिहिलेल्या क्रमाने बोलायचे, असा त्याचा पक्का नियम होता, आणि त्या नियमाने तो दोन वर्षे प्रामाणिकपणे चालत आला होता. त्याच्या वहीवर मी आजवर किती वेळा 'लक्ष देऊन लिही' असा शेरा मारला असेल, याचा विचार दिवसभर मनातून गेला नाही.

१६ ते २७ जुलै

पायाभूत चाचणी नव्याने घेतली. या वेळी चार-चार मुलांचे गट केले, वहीऐवजी सुट्या चिठ्ठ्या दिल्या, खोडरबर बाजूला ठेवायला सांगितले आणि मुलाने कोणता अंक आधी लिहिला हेही टिपले. मधल्या सुट्टीत आणि कार्यानुभवाच्या तासाला मिळून हे काम बारा दिवस चालले. ३२ मुलांच्या एकूण ६४० उत्तरांपैकी ११८ ठिकाणी अंकांची अदलाबदल होती आणि ६४ चुका 'एकोण'ने सुरू होणाऱ्या संख्यांच्या होत्या. उरलेल्या चुकांमध्ये पासष्ट आणि पंच्याहत्तर, सदतीस आणि सदुसष्ट अशा कानाला जवळपास सारख्या वाटणाऱ्या जोड्या होत्या.

येथे माझी एक चूक नोंदवते. वीस संख्यांमध्ये मी चव्वेचाळीस आणि सत्त्याहत्तर घातल्या होत्या. ४४ आणि ७७ मध्ये अदलाबदल झाली तरी ती दिसणार नाही, हे सूची करताना सुचले नाही. 'एकोण'च्या चार संख्या वेगळ्या काढल्या, तर अदलाबदल दिसू शकेल अशा केवळ १४ संख्या उरतात. म्हणजे ४४८ पैकी ११८, सुमारे २६ टक्के.

मग घरच्या भाषेप्रमाणे उत्तरे वेगळी केली. मराठी बोलणाऱ्या १३ मुलांच्या अदलाबदली ४९, बाकीच्या १९ मुलांच्या ६९. दरडोई पाहिले तर मराठी मुलांच्या किंचित अधिकच आहेत. मी आराखड्यात लिहिलेले कारण येथे कोसळले. थोडे थांबून विचार केला असता तर ते आधीच कळले असते, कारण हिंदीतील 'तिरपन' मध्येही तीन आधीच येतो. मराठीत आणि हिंदीत शंभरच्या आतील बहुतेक संख्यानामांत एकक आधी उच्चारतात आणि दशक नंतर, तर लिहिताना दशक आधी येतो. ही अडचण मुलांच्या घराची नाही, ती दोन्ही भाषांच्या संख्यानामांतच आहे. आराखड्यातील ते वाक्य खोडून मुख्याध्यापिकांना सुधारित प्रत दिली. त्यांनी ती कोणताही प्रश्न न विचारता स्वीकारली, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. असे संशोधन म्हणजे आधी लिहिलेले सिद्ध करून दाखवायचे, अशी समजूत अनेक ठिकाणी आहे.

२९ जुलै, सोमवार

बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली 'एकवीस' बरोबरच 'वीस एक' असे वाचन दिले गेले, तेव्हा वृत्तपत्रांतून आणि विधिमंडळातही त्यावर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी या बदलामागे मुलांची हीच अडचण असल्याचे सांगितले होते. त्या वेळी आमच्या शाळेत 'जुनी पद्धत बरी' असे ठरले आणि ती पाने आम्ही ओझरती शिकवली. माझ्यासमोर बसलेल्या मुलांनी दुसरीत तेच पुस्तक वापरले आहे, पण 'पन्नास तीन' हे शब्द त्यांच्या कानांवर जवळजवळ पडलेलेच नाहीत. आजपासून प्रत्येक संख्या दोन्ही नावांनी बोलायला सुरुवात केली: आधी 'पन्नास तीन', मग 'त्रेपन्न'.

५ ऑगस्ट, सोमवार

आठवड्यानंतर चिठ्ठ्या तपासल्या. अदलाबदल कमी झाली, पण नऊ मुलांनी 'पन्नास तीन' साठी ५०३ लिहिले. त्यात आधी बिनचूक लिहिणारी दोन मुले होती. म्हणजे माझ्या उपायाने एक चूक काढून दुसरी आणली. मुलांनी आताही ऐकले तेच लिहिले होते: पन्नासचे ५० आणि पुढे ३. आठवडाभर मी केवळ तोंडाने बोलत होते. पन्नासमधील शून्याच्या जागी तीन येतो, हे डोळ्यांना कोठेच दिसत नव्हते. तोंडी सराव आजपासून थांबवला.

१२ ऑगस्ट, सोमवार

एकावर एक ठेवायच्या पट्ट्या करायला घेतल्या. १० ते ९० या दशकांच्या नऊ पट्ट्या दोन चौकटी रुंद, आणि १ ते ९ या एककांच्या नऊ पट्ट्या एक चौकट रुंद. ५० च्या पट्टीवर उजव्या चौकटीत ३ ची पट्टी ठेवली की शून्य झाकले जाते आणि ५३ दिसते. एका संचात १८ पट्ट्या, आठ गटांसाठी १४४.

पहिला संच साध्या कार्डशीटचा केला. पावसाळी हवेत दोन दिवसांत पट्ट्या वळल्या आणि एकावर एक राहीनात. दुसऱ्या संचाला लॅमिनेशन केले, तर वरची पट्टी गुळगुळीत प्लास्टिकवरून सतत घसरू लागली. यात ६२० रुपये आणि शनिवार-रविवार गेले. शेवटी मुलांना घरातील जुन्या लग्नपत्रिका आणायला सांगितल्या. तीन दिवसांत गठ्ठाच जमला. पत्रिकेचा पुठ्ठा जाड असतो, मागची बाजू बहुधा कोरी असते, आणि खरखरीत पोतामुळे पट्टी जागच्या जागी राहते. हाच संच डिसेंबरपर्यंत टिकला. ज्यांना करायचा आहे त्यांनी थेट पत्रिकांपासूनच सुरुवात करावी.

२० ऑगस्ट, मंगळवार

पट्ट्या वर्गात आल्या. पहिल्याच दिवशी चार मुलांनी ३ ची पट्टी डाव्या चौकटीवर ठेवली, ५ झाकला गेला आणि ३० तयार झाले. पट्टी कोठे ठेवायची हे मला उघड वाटत होते, ते मुलांना उघड नव्हते. दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांच्या उजव्या कडेला लाल रेघ ओढली आणि 'लालवर लाल' हा नियम सांगितला. त्यानंतर ही चूक पुन्हा दिसली नाही. बरोबरीने दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्याही ठेवल्या, म्हणजे पट्टीवरचे ५० हे पाच गठ्ठे आहेत, हे मुलांच्या हाताला कळते.

३ सप्टेंबर, मंगळवार

तिसरीच्याच दुसऱ्या तुकडीच्या बाईंना विनंती केली की, माझा एक तास पाहा आणि मुलांकडे न बघता माझ्याकडे बघा. दुसऱ्या कोणाला आपल्या वर्गात बसवून घेणे मला जड गेले, पण ते करायलाच हवे होते.

त्यांनी तासानंतर जे सांगितले ते शब्दशः लिहून ठेवले आहे: "तुम्ही फळ्यावर ५३ लिहिता, 'त्रे' म्हणताना ५ वर बोट ठेवता आणि 'पन्न' म्हणताना ३ वर."

मी त्यांच्यासमोरच पुन्हा करून पाहिले. खरोखर तसेच होत होते. हात डावीकडून उजवीकडे सरकतो, तोंड उच्चाराच्या क्रमाने चालते, आणि दोघांचा मेळ नेमका उलटा बसतो. अठरा वर्षे मी फळ्यावरच्या संख्येवर असेच बोट ठेवत आले असणार. क्रमांक ९ ने आपला नियम कोठून उचलला असेल, याचे एक उत्तर मला त्या दिवशी मिळाले. त्यानंतर पद्धत बदलली: 'पन्नास' म्हणताना ५ खाली तळहात धरायचा, 'तीन' म्हणताना ३ खाली बोट, आणि 'त्रेपन्न' म्हणताना हात पूर्ण संख्येखालून एकदाच न्यायचा, तुकडे पाडायचे नाहीत. ही सवय अंगवळणी पडायला तीन आठवडे लागले. त्या बाईंनी आणखी दोनदा येऊन खात्री केली.

१९ सप्टेंबर, गुरुवार

गणपतीच्या सुट्टीनंतर पालकांच्या लेखी संमतीने मोबाइलवर चित्रीकरण करून पाहिले. मुले संख्येपेक्षा मोबाइलकडेच पाहत होती आणि आवाज पंख्यात बुडाला. दोन तासांनंतर थांबवले आणि चित्रफिती पुसून टाकल्या. पुन्हा चिठ्ठ्यांवरच आले.

२८ सप्टेंबर, शनिवार

पालकसभा. परवा पावसामुळे शाळा बंद होती, त्यामुळे सभा आज घेतली. पालकांना पट्ट्या दाखवल्या आणि घरी 'लक्ष दे' म्हणून रागावण्याऐवजी मुलाने लिहिलेली संख्या त्यालाच वाचायला लावा, असे सांगितले.

एका मुलाची आजी बीडकडची आहे आणि इथे भाजी विकते. तिने ५३ ची पट्टी पाहिली आणि म्हणाली, "म्हंजी दोन इसा न् तेरा." वर्गातल्या मुलांना काही कळेना. आजीने काड्या घेतल्या, वीस-वीसचे दोन ढीग केले, बाजूला तेरा ठेवल्या आणि मोजून दाखवल्या. विसांनी मोजण्याची ही रीत मी लहानपणी आजोळी ऐकली होती, पण माझ्या वर्गात ती कधी येईल असे वाटले नव्हते. सोमवारी मुलांनी तेच त्रेपन्न तीन प्रकारे मांडले: पाच गठ्ठे आणि तीन, दोन विसा आणि तेरा, आणि सगळ्या सुट्या. एका संख्येला अनेक नावे असतात आणि ढीग तेवढाच राहतो, ही गोष्ट माझ्या कोणत्याही स्पष्टीकरणापेक्षा आजीमुळे मुलांपर्यंत अधिक चांगली पोहोचली.

९ ऑक्टोबर, बुधवार

'एकोण'कडे वळायला उशीर झाला. एकोणपन्नास सांगितले की मुले ५९ लिहितात, काही ५१ लिहितात. 'पन्नास' ऐकू येते म्हणून ५, आणि 'एकोण' म्हणजे नऊ किंवा एक, असा त्यांचा तर्क असतो. मी आधी शब्दाची फोड सांगितली: एक ऊन, म्हणजे एकाने कमी. वर्गाने ती फोड पाठ केली आणि तरीही ५९ च लिहिले. तिसरीच्या मुलाला 'ऊन' म्हणजे बाहेर पडलेले ऊन.

मग वर्गाच्या भिंतीवर ० ते १०० ची कागदी पट्टी लावली आणि फक्त उलटी मोजणी घेतली. मूल पन्नासवर उभे राहते, 'एक पायरी मागे' म्हटले की ४९ वर बोट ठेवते आणि मगच नाव उच्चारते. रोज पाच मिनिटे पुरतात. एका मुलीने विचारले, "मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का म्हणत नाही?" आठ दशके एका नियमाने चालल्यावर नवव्याने तो मोडला, हे तिने स्वतःहून पकडले. तिला सांगितले की, तुझा नियम बरोबर आहे, भाषेने येथे वेगळी वाट धरली. भिंतीवरच्या पट्टीवर तिने ९९ भोवती पिवळा गोल काढला आहे.

२५ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी आणि २० तारखेचे विधानसभेचे मतदान, यांत चार आठवडे शिकवणे जवळजवळ झाले नाही. माझी नेमणूक मतदान केंद्रावर होती. उपायांनंतरची चाचणी मुद्दाम सुट्टीनंतर घेतली, म्हणजे जे टिकले तेच दिसेल. जुलैची सूची मुलांना पाठ झाली होती, म्हणून संख्या पूर्ण नव्या घेतल्या आणि दोन्ही अंक सारखे असलेल्या टाळल्या. एक कुटुंब गावी परतले, त्यामुळे मुले ३१.

अदलाबदल दिसू शकेल अशा ४९६ उत्तरांपैकी ४१ ठिकाणी ती आढळली, सुमारे ८ टक्के. 'एकोण'च्या १२४ पैकी ३८ चुकल्या. जुलैत १२८ पैकी ६४ चुकल्या होत्या. ५०३ सारखी उत्तरे तीन.

हा फरक पट्ट्यांचाच आहे असे मी म्हणू शकत नाही. मुले चार महिन्यांनी मोठी झाली आहेत आणि सरावही झाला आहे. तुलनेसाठी दुसऱ्या तुकडीत तीच सूची घेतली, पण त्या तुकडीची जुलैची नोंद माझ्याकडे नाही, त्यामुळे त्या आकड्यांचा उपयोग नाही. हे जुलैमध्ये सुचले असते तर दोन तासांचे काम होते.

९ डिसेंबर, सोमवार

निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान अभियानाचे तिसरीचे लक्ष्य ९९९९ पर्यंत संख्या वाचणे व लिहिणे हे आहे. आज 'एकशे त्रेपन्न' सांगितले आणि ११ मुलांनी १३५ लिहिले. दोन अंकी संख्या आता बिनचूक लिहिणारी सहा मुले त्यात आहेत. शंभरच्या पुढे नावातील मोठा भाग आधी येतो आणि शेवटची दोन स्थाने पुन्हा उलटी बोलली जातात. म्हणजे मुलाला एकाच नावात दोन क्रम सांभाळायचे असतात. १०० ते ९०० च्या तीन चौकटी रुंद पट्ट्या करून त्या सर्वांत खाली ठेवायला सुरुवात केली आहे. दुपारपर्यंत ११ पैकी सात मुलांनी स्वतःची चूक स्वतः दुरुस्त केली.

क्रमांक १४ ची जागा सोडण्याची युक्ती तिने आणखी पाच जणांना शिकवली आहे, आणि कागदावर ती उत्तम चालते. पण गणकयंत्रावर जागा सोडता येत नाही. तिला त्यावर त्रेपन्न दाबायला सांगितले, तेव्हा ती बराच वेळ बोट हवेत धरून थांबली, मग ओठांतल्या ओठांत 'पन्नास तीन' पुटपुटली आणि ५ दाबला.

२० डिसेंबर, शुक्रवार

खर्च: कार्डशीट व लॅमिनेशन ६२०, काड्या व रबरबँड ३४०, चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स १८०, मार्कर १५०, एकूण १,२९० रुपये. त्यातले पहिले ६२० टाळता आले असते. वेळेचे सांगायचे तर पहिली चाचणी, चुकीच्या कारणावरचा आराखडा आणि केवळ तोंडी सरावाचा आठवडा मिळून जवळजवळ पाच आठवडे हातचे गेले.

पट्ट्यांचे आठही संच वर्गाच्या कपाटात बुटांच्या खोक्यात ठेवले आहेत आणि दुसरीच्या बाईंनी जानेवारीपासून ते मागितले आहेत. त्यांनी आधी आपल्या वर्गाची नोंद घ्यावी, म्हणून चिठ्ठीचा नमुना आणि संख्यांची दुरुस्त सूची सोबत दिली. तीन मुले अजून अदलाबदल करतात. त्यांच्यासोबत रोज प्रार्थनेआधी दहा मिनिटे बसते.

क्रमांक ९ त्या तिघांत आहे. आज त्याला 'अडुसष्ट' सांगितले. त्याने ८६ लिहिले, वाचून पाहिले, 'शहाऐंशी' असे स्वतःशी म्हटले आणि थांबला. मग उठून कपाटातून खोका आणला, ६० ची पट्टी काढली आणि तिच्यावर ८ ठेवला.